नळीतला वारा

सुजातानं माझ्या डोक्यामागून पट्टा घेतला आणि आवळला.

"घट्ट झाला का, आत्ती?"

"नरडं दाबल्यागत झालंय."

"नरड्याला कुठं लावलाय? डोक्याला लावलाय," ती म्हणाली आणि तिनं पट्टा आणखी थोडा ओढला. "सैल ठेवला तर कडेनं वारा जातोय. मग डॉक्टर म्हणणार, सून सासूकडं बघत न्हाई."

नाकातोंडावर रबराचा मुखवटा बसला. मुखवट्याला लांब नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी ठेवलेलं पांढरं यंत्र. यंत्राच्या काचेवर आकडे उमटत. तेव्हा मला अक्षरओळख नव्हती, ती पुढं साठीनंतर सुजातानंच करून दिली. ते आकडे मी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे नुसते बघत राहायची. तिनं बटण दाबलं. यंत्र हळू घुमायला लागलं आणि नळीतून वारा माझ्या तोंडावर आला.

बाहेर दुपारचं ऊन होतं. गल्लीत नेहमीची टिकटिक चालली होती. आमच्या हुपरीत ती दिवसभर असते, कारण घरटी चांदीचं काम. कुणी तार ओढतं, कुणी कड्या वळतं, कुणी झाळ लावून जोड बसवतं. आमच्या माडीवरून मात्र फक्त एका माणसाच्या उचलण्या-ठेवण्याचा आवाज येत होता. दोघींचा यायला हवा होता.

"डोळे मिटा बघू," सुजाता म्हणाली. "दुपारी थोडा सराव केला की रात्रीचं जड जात न्हाई, असं डॉक्टर म्हणालेत. मी हितंच बसतो भाजी निवडत."

म्हणजे पहारा. मी डोळे मिटले. वारा आत यायला बघत होता. छाती गच्च झाली होती. झाकण लावलेल्या डब्यात कुणी बसवावं, आणि झाकणावर कुणी बसावं, तसं मला झालं. हात उचलून मुखवटा काढावा म्हटलं तर सुजाता समोर. ती नसती तरी यंत्र होतंच. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, "आजी, किती वेळ लावलं, कधी काढलं, सगळं हे लक्षात ठेवतंय बरं का. माझ्याशी खोटं बोलाल, ह्याच्याशी नाही बोलता यायचं."

हे सगळं सुरू झालं ते माझ्या डुलक्यांमुळं.

मी आणि माझी धाकटी जाऊ छबू माडीवर समोरासमोर बसून पैंजणाची बारीक घुंगरं झाळायचो. गावात गॅसच्या बंदुका कधीच्या आल्या होत्या. तरणी पोरं त्यांच्यावर जाडजूड काम करायची. पण मोहरीएवढं घुंगरू बंदुकीपुढं धरलं तर जोड बसायच्या आधी घुंगरूच वितळतं. ते काम आमच्याकडं यायचं, कारण आम्ही दोघी अजून फुंकणीवर होतो. वीतभर पितळेची नळी, पुढं वाकलेली. एक टोक ओठांत, दुसरं दिव्याच्या ज्योतीशी. फुंकलं की ज्योत आडवी होते, सुईसारखी बारीक होते, आणि जिथं दाखवाल तिथंच लागते. फुंक मात्र तुटता कामा नये. गालांत वारा साठवायचा, तो नळीतून जात असताना नाकानं नवा घ्यायचा. हे जमायला वर्ष लागतं. जमलं की जन्मभर विसरत नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

त्या वर्षी मला दिव्यापुढं झोप यायला लागली. रात्रभर झोपून उठले तरी डोळ्यांवर वाळू टाकल्यासारखी. एकदा फुंक चालू असताना डोळे मिटले, हात ढळला आणि दिवा कलंडून माझा पदर पेटला. छबूनं दोन्ही हातांनी बडवून विझवला. तिच्या तळहाताला फोड आले.

माझा मुलगा महावीर मला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथं अंगाला वायरी लावून मला एक रात्र झोपवलं. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत माझा घसा मिटतो, श्वास थांबतो, गुदमरून झोप मोडते, आणि हे रात्रभर चालतं. म्हणून दिवसा डुलक्या. यंत्र घसा उघडा ठेवेल. रोज लावायचं.

घरात पाऊल टाकल्यावर महावीर बोलला. "पुढच्या तपासणीला डॉक्टर बरं म्हणाले तरच माडीवर चढायचं. न्हाईतर आई, तुझा दिवा बंद. कायमचा. माल व्यापाऱ्याला परत."

"आणि मी काय करू मग?"

"बस की निवांत. जपमाळ घे."

"तुझा बा गेला तवापास्नं त्या दिव्यावर घर चाललंय, आणि मला जपमाळ देतोस व्हय रं?"

"घर पेटलं असतं त्याच दिव्यावर," तो म्हणाला.

म्हणून मी मुखवटा लावायची. एक दिवस चुकवला नाही. आणि थोड्याच दिवसांत माझी छाती दुखायला लागली.

सकाळी उठलं की फासळ्यांमधून ठणका. कुणीतरी रात्रभर उखळात घालून कांडल्यासारखा. खोल श्वास घेतला की टोचायचं. वेणी घालायला हात वर नेला की कळ यायची. शिंक आली की मी पदराचा बोळा छातीवर दाबून धरायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. छाती म्हटलं की महावीर हृदय म्हणणार, आणि हृदय म्हटलं की दिवा बंद. न सांगता मुखवटा काढून ठेवला तर यंत्र चुगली करणार, आणि दिवा बंद. लावून ठेवला तर छाती अशी दुखणार, की उद्या दिवा मिळाला तरी फुंकणार कशानं? तिन्ही बाजूंनी भिंत होती. चौथ्या बाजूला सुजाता भाजी निवडत बसली होती.

छबू संध्याकाळी काम आवरून खाली यायची. पहिल्यांदा तिनं मला मुखवट्यात बघितलं तेव्हा दारातच उभी राहिली.

"आगं बया! गणपती बसलाय का काय घरात?"

मी मुखवट्यातूनच म्हटलं, "हसू नगं."

"सोंड डाव्या अंगाला हाय का उजव्या? उजव्या असली तर सोवळं पाळाय पायजे, सुजाता."

छबूचा आवाज फाटक्या पिपाणीसारखा आहे. तो तसा नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा जात्यावर तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघींना राखेवर शिकवलं. परातीत चाळलेली राख घ्यायची आणि फुंकणीचं टोक राखेत धरायचं. फुंकलं की राख उडायची. चुकून श्वास ओढला की तोंड राखेनं भरायचं, आणि सासूबाई पाठीत एक धपाटा घालायच्या. "तोंडात नळी हाय, तर वारा भाईरच! आत ओढशील तर आग ओढशील!" मी लवकर शिकले. छबूही शिकली. पण एका उन्हाळ्यात शेजारच्या परड्यात चटणीसाठी मिरच्या भाजत होत्या. छबूला दिव्यापुढं ठसका लागला, आणि ठसक्यानंतरचा श्वास तिनं ओठांतल्या फुंकणीतूनच घेतला. एकच श्वास. महिनाभर ती भाताच्या पेजेवर होती. जिवावर बेतलं ते आवाजावर निभावलं. बरी झाल्यावर ती परत दिव्यापुढं बसली. मला वाटलं होतं बसणार नाही.

माझं छातीचं दुखणं उघडं पडलं ते एका सकाळी. मी कणीक मळत होते. जोर दिला आणि अशी कळ आली की परातीवरच वाकले.

"आत्ती!" सुजाता धावली. "काय झालं? कुठं दुखतंय?"

"कुठं काय. पाठ भरलीय."

"छाती धरून बसलाय तुम्ही. पाठ भरली म्हणून छाती कोण धरतंय?" तिनं माझा हात बाजूला केला. "कवापास्नं दुखतंय?"

मी परातीतली कणीक गोळा करायला लागले. तिनं आत जाऊन महावीरला हाक मारली.

त्याच दिवशी पुन्हा कोल्हापूर. छातीला गार गार वाट्या लावून कागद काढले. रक्त घेतलं. महावीर बाहेरच्या बाकावर, मान खाली घालून. डॉक्टर तरुण होते, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी सगळं बघून मला आडवं केलं आणि फासळ्यांवर बोटं दाबली. मी कण्हले.

"हृदय एकदम ठणठणीत आहे, आजी. हे छातीचे स्नायू दुखावलेत. फासळ्यांमधले. कुस्ती खेळता का रात्री?"

"कुणाबर खेळू? मालक जाऊन वीस वर्षं झाली."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "सुरवातीला काही जणांचं होतं असं. वाऱ्याच्या विरुद्ध जोर लावतात. तुम्ही वाऱ्याशी भांडताय. भांडू नका, अंग सैल सोडा. मी सुरवातीचा जोर कमी करून देतो, हळूहळू वाढेल. पण बंद करू नका. बंद करणं धोक्याचं आहे. दुखणं वाढलं, दम लागला, तर लगेच या."

मी भांडत नव्हते. मला तरी तसं वाटत नव्हतं. मी अंग सैल सोडून पडायची, रामनाम घेतल्यासारखं मनात 'सोड, सोड' म्हणायची, आणि सकाळी छाती पुन्हा ठणकायची. थोडं कमी, पण ठणकायचीच.

महावीरनं ओळखलं. तो म्हणाला, "आई, हे तुला झेपत न्हाई, आणि हे न झेपता दिवा न्हाई. तपासणी झाली की मी व्यापाऱ्याला सांगून टाकतो. काकी एकटी करंल जमंल तेवढं."

"तपासणी होऊ दे की आधी."

"होऊ दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळंच मला भीती वाटली. ठरवून झालेला माणूस असा बोलतो.

तपासणीला अजून महिना होता तेव्हा एका दुपारी सुजाताला माहेरी जायचं होतं. पहाऱ्यावर छबूला बसवलं. छबूनं माझा पट्टा लावला, यंत्र सुरू केलं आणि भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली. मी डोळे मिटले. डोळा लागला की नाही कळलं नाही, अर्धवटच असावा. छबूनं माझा पाय हलवला.

"आक्का, ऊठ."

मी उठून बसले. तिनं यंत्र बंद केलं, मुखवटा काढला. ती हसत नव्हती.

"तू काय करालीस ठावं हाय का तुला?"

"काय करू? पडलोय."

"तू फुंकालीस."

"कायतरीच."

"आगं गाल बघितलं मी तुझं. दोन्ही गाल भरलंत, तोंड पुढं काढलंस, आणि फुंकालीस त्या नळीत. नाकानं चोरून चोरून घेतीस आणि तोंडानं फुंकतीस. तीस वर्षं समोर बसून मी तेच तोंड बघतोय. झोपेत झाळालीस तू." ती थांबली. "वारा आत येतोय आणि तू भाईर ढकलालीस. छाती दुखंल न्हाईतर काय व्हईल?"

मी मुखवट्याकडं बघितलं. नळी होती ती. तोंडावर लावलेली नळी.

"लाव परत," मी म्हटलं. "आता कळलं न्हवं, आता ओढतो."

तिनं लावला. वारा आला. मी जागी होते, सगळं कळत होतं, आणि तरी छाती दारासारखी बंद झाली. ओढायचं म्हणून तोंड उघडलं की घशाशी काहीतरी आडवं यायचं. मी पट्टा उपसून काढला.

"न्हाई गं येत. आतून कोणतरी धरतंय."

"कोण धरतंय ते ठावं हाय मला," छबू म्हणाली. "म्हातारी धरतीया. पाठीत धपाटा घालून गेली ती अजून हात काढंना."

तिनं सुपारी डब्यात ठेवली, डबा बंद केला, पदरानं हात पुसले.

"आण तो हिकडं."

"तू काय करतीस?"

"आण म्हणतो न्हवं."

तिनं मुखवटा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मला कळलं आणि मी तिचा हात धरला. "छबू, नगं. तुला कशाला? तुझं नरडं..."

"माझं नरडं काय आता आणखी जाणार हाय?" तिनं मुखवटा तोंडाला लावला, पट्टा लावलाच नाही, दोन्ही हातांनी धरला. "बटण दाब."

मी दाबलं. वारा सुरू झाला. छबूचे डोळे मोठे झाले. मुखवट्याच्या कडेनं वारा फुरफुरत होता. तिचेही गाल भरले होते. मी बघत होते. तिनं डोळे घट्ट मिटले, खांदे खाली सोडले, आणि ओढला. लांब, पोटापर्यंत. तिच्या गळ्याची शीर वर आली आणि खाली गेली.

तिनं मुखवटा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थंड हाय गं," ती म्हणाली. "आक्का, नुसतं थंड हाय."

त्या दुपारी आम्ही दोघी आळीपाळीनं तो मुखवटा लावत बसलो. ती ओढायची, मग मी. मला पहिल्यांदा अर्धा श्वास आला. मग एक पुरा. माझ्या छातीवर हात ठेवून ती म्हणायची, "भरू दे. भरू दे. जातंय कुठं, आतच ऱ्हातंय." पुढचे कितीतरी दिवस ती दुपारी काम सोडून खाली यायची, माझ्या छातीवर हात ठेवून बसायची. झोपेत गाल भरले की बोटानं टिचकी मारायची.

एका सकाळी मी उठले आणि मला काहीच दुखत नव्हतं. अंगणात गेले. ऊन इतकं उजळ दिसलं की मी सुजाताला विचारलं, आज काय आहे. ती म्हणाली, "काय न्हाई. मंगळवार हाय."

तपासणीला डॉक्टरांनी यंत्रातलं सगळं बघितलं, मला चार प्रश्न विचारले, छाती दाबून बघितली. "आता दिवसा झोप?"

"येत न्हाई."

"छाती?"

"दुखत न्हाई."

"मग काम करायला माझी हरकत नाही, आजी. यंत्र तेवढं सोडायचं नाही. आता हे जन्माचं."

दुसऱ्या दिवशी माडीवर चढले तर माझा दिवा पुसून, तेल भरून ठेवलेला. सुजातानं महावीरला विचारलं तर तो म्हणे, मांजरानं सांडला होता म्हणून पुसला.

"ये गं बाई," छबू म्हणाली. "तुझ्यावाचून घुंगरं रुसली व्हती. माझ्याकडनं झाळूनच घेईनात."

"तुझी झाळ जाड पडती, म्हणून."

"आली लगेच नाक वर करून!"

मी दिवा लावला. घुंगरू चिमट्यात धरलं, झाळेचा कण ठेवला, फुंकणी ओठांत घेतली. ज्योत आडवी झाली, सुईसारखी झाली. झाळ पाण्यासारखी पसरली. पहिलं झालं. डोळे लख्ख होते. इतकी जागी मी त्या दिव्यापुढं कितीतरी वर्षांत बसले नव्हते. दुसरं घुंगरू घेतलं. फुंक सुरू केली. गालांतला वारा संपत आला, आणि नाकानं घ्यायच्या जागी माझी छाती आपसूक वर आली. अलगद, भरून येण्यासाठी. जिभेच्या टोकाला ऊब लागली.

मी फुंकणी थुंकून टाकली. ज्योत सरळ उभी राहिली.

"काय गं?" छबूनं विचारलं.

"काय न्हाई. हात घसरला."

पुन्हा फुंकणी उचलली. या वेळी सगळं ध्यान श्वासावर ठेवलं. वारा भाईरच, वारा भाईरच. गाल रिकामे व्हायला आले तशी छाती पुन्हा उघडायला लागली. कुणीतरी तिला शिकवलं होतं आणि ती शिकली होती. मी नळी ओठांतून काढली आणि मांडीवर ठेवली.

छबूनं तिची फुंक थांबवली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग फुंकणीकडं. तिला सांगावं लागलं नाही.

"आत येतंय?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"थोडं दीस जाऊ देत. येईल परत."

"दिवसभर भाईर आणि रातभर आत? कुठल्या तरी एका वेळेला चुकणारच की, छबू. आणि हितं चुकलं तर काय हुतं, ते तुझ्या नरड्याला ठावं हाय."

फाटक्या आवाजात ती म्हणाली, "मी दावलं नसतं तर..."

"तर कवातरी झोपेत गेलो असतो. गप."

मी पुढं वाकले आणि माझ्या दिव्याची वात चिमटीत दाबली. बोटाला जरा चटका बसला. पुढ्यातली घुंगरं मी तिच्या पुढ्यात सरकवली. तिच्या शेजारची न वळलेल्या कड्यांची टोपली माझ्याकडं ओढली. कड्या वळायला दिवा लागत नाही. ते काम नव्या सुना पहिल्या वर्षी करतात.

"फुंक की," मी म्हटलं. "बघत काय बसलीस? माल आजच द्यायचा हाय."

छबूनं नाक ओढलं, फुंकणी ओठांत घेतली. तिची ज्योत आडवी झाली.

खाली जिन्यापाशी महावीर आला असावा. तो वर चढला नाही. खालूनच त्यानं हाक दिली.

"आई, जागी हाईस न्हवं?"

"हाय," मी म्हणाले. "जागी हाय."